‘वजन उतरले’ म्हणजे काय उतरले? : एका वाक्प्रयोगाची आणि एका मोजणीची चिकित्सा

बल्लारपुरात पहाटे वर्धेच्या बाजूस फिरावयास जाणाऱ्या मंडळींत एक प्रश्न परस्परांस नित्य विचारला जातो : “किती उतरले?” कर्ता अध्याहृत असतो, तो ‘वजन’ हा आहे हे विचारणाऱ्यास व ऐकणाऱ्यास सारखेच ठाऊक असते. उत्तर किलोंत येते, आणि त्या आकड्यावरून अभिनंदन करावयाचे की धीर द्यावयाचा हे ठरते. भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे या संवादात प्रथमदर्शनी काही नाही. तथापि गेल्या दीड वर्षात या एका वाक्याने प्रस्तुत लेखकाची चांगलीच फसगत केली. ती फसगत शरीरशास्त्राच्या अज्ञानामुळे जितकी झाली तितकीच वाक्याच्या घडणीमुळे झाली, असे मागाहून ध्यानात आल्यावरून हे विवेचन वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय आपल्या विभागाच्या नेहमीच्या कक्षेबाहेरचा आहे हे मान्य करूनही, शब्द आणि माप यांचा संबंध हा आपल्या कक्षेतलाच प्रश्न होय, एवढे समर्थन पुरेसे व्हावे.

‘वजन’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि येथे त्याने चांगलाच संसार थाटला. बोलण्याला वजन असते, वजनदार माणसे असतात, कचेरीतील कागदावर ‘वजन’ ठेविल्यावाचून तो पुढे सरकत नाही अशी तक्रार असते, आणि गझलेच्या छंदचर्चेत तर वजन म्हणजे वृत्ताचे माप. या सर्व ठिकाणी वजन हा गुण आहे, द्रव्य नव्हे. पदार्थविज्ञानातही तो गुणच आहे. परंतु ‘वजन वाढले’, ‘वजन चढले’, ‘वजन उतरले’, ‘वजन घटवले’ या प्रयोगांत आपण त्यास द्रव्याप्रमाणे वागवितो. जणू अंगावर वजन नावाचा एक थर आहे आणि तो खरवडून काढावयाचा आहे. वास्तविक जे अंगावर चढते वा उतरते ते पाणी असेल, मेद असेल, मांस असेल, आतड्यातील अन्न असेल. क्रियापदाचा खरा कर्ता यांपैकी कोणता, हे वाक्य सांगत नाही आणि तराजूही सांगत नाही.

आमच्या गावास हा भेद अपरिचित असावयास नको होता. बल्लारपूर हे कागदाचे आणि कोळशाचे गाव. धर्मकाट्यावर बांबूचा ट्रक चढतो तेव्हा त्याच्या वजनात ट्रकचे लोखंड येते, ते वजा करतात. परंतु तेवढ्याने व्यवहार संपत नाही. जंगलातून नुकत्याच तोडून आणलेल्या बांबूत पाण्याचा अंश मोठा असतो, आणि कागद पाण्याचा होत नाही, तंतूंचा होतो. म्हणून ओल किती हे पाहावे लागते. कोळशाचे गणित याहून स्पष्ट आहे. २०१२ पर्यंत आपल्या देशात कोळशाची प्रत ठरविण्याचे जे सूत्र चालू होते त्यात राख आणि ओल यांच्या टक्केवारीची बेरीज करीत, तिला १३८ ने गुणीत, आणि तो गुणाकार ८९०० मधून वजा करीत. उरेल ती त्या कोळशाची किलोमागे उपयुक्त उष्णता, किलोकॅलरींत. २०१२ पासून एकूण उष्मांकावरून प्रत ठरते. पद्धती बदलली, पण एक टन म्हणजे एक टन असे मानून कोणीही खाणीच्या तोंडाशी समाधान पावत नाही. दगड आणि कोळसा यांचे वजन एकाच काट्यावर होते हे तेथील प्रत्येकास ठाऊक असते. तेच गृहस्थ सकाळी घरातील काट्यावर उभे राहिले म्हणजे मात्र ओल, राख आणि कोळसा यांची बेरीज पाहून आनंदतात किंवा खिन्न होतात.

शरीराच्या वजनाचे असे पृथक्करण करण्याच्या शास्त्रास मराठीत अद्याप स्थिर नाव नाही. ‘शरीररचना’ हा शब्द हाडे, स्नायू व इंद्रिये यांच्या मांडणीच्या शास्त्राने आधीच घेतलेला आहे. रसायनशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘संघटन’ हा शब्द द्रव्यातील घटकांच्या प्रमाणासाठी रूढ आहे, परंतु सामान्य वाचकास ‘शरीरसंघटन’ हे एखाद्या आखाड्याच्या मंडळाचे नाव वाटेल. ‘घटना’ म्हटले तर राज्याची घटना आणि घडलेली घटना या दोहोंची छाया पडते. मी येथे ‘शरीरघटन’ हा शब्द वापरीत आहे. यापेक्षा बरा शब्द कोणी सुचविल्यास आनंदच आहे.

शास्त्राचे नाव नवे असले तरी भेदाची जाणीव मराठीस जुनीच आहे, हे मात्र आग्रहाने सांगितले पाहिजे. ‘थुलथुलीत’ आणि ‘धष्टपुष्ट’ ही दोन्ही विशेषणे जड माणसास लागतात. एकात मेद आहे, दुसऱ्यात मांस. ‘किडकिडीत’ आणि ‘काटक’ ही दोन्ही हलक्या माणसास लागतात, पण काटक मनुष्य दिवसभर जंगलात चालू शकतो अशी आपली अपेक्षा असते. ‘पिळदार’ या शब्दात तर दोरासारखा पीळ भरलेला स्नायू डोळ्यांपुढे उभा राहतो. पोट ‘सुटते’, पण दंड कधी सुटत नाही, तो ‘भरतो’. शरीर ‘कमावतात’, जसे कातडे कमावतात. अशक्ततेच्या बाजूसही ‘रोडावणे’, ‘वाळणे’, ‘खंगणे’ यांच्या छटा निराळ्या आहेत : रोडावलेला मनुष्य बारीक झाला इतकेच, वाळलेल्यातील ओलावा गेला, आणि खंगलेल्याचे मांसच आतून झिजले. ही संपदा हाताशी असता आधुनिक मराठी मनुष्य आपल्या देहाविषयी फक्त ‘वजन’ हा एकच शब्द वापरू लागला, ही माझ्या मते काट्याच्या यंत्राने भाषेवर केलेली कुरघोडी आहे. सीमेपलीकडची तेलुगू आमच्या बाजारपेठेत रोज ऐकू येते. तिच्यात भार तो ‘बरुवु’ आणि चरबी ती ‘कोव्वु’. गंमत अशी की माजलेल्या माणसास कोव्वु चढली असे तेलुगूभाषकही म्हणतात, आणि आपणही त्याच्या अंगावर चरबी चढली असेच म्हणतो. वजन चढण्यात प्रतिष्ठा आणि चरबी चढण्यात मस्ती, हा विवेक दोन्ही भाषांनी राखला आहे.

आयुर्वेदात मांस आणि मेद हे सात धातूंपैकी दोन स्वतंत्र धातू आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंदित मानलेल्या आठ देहप्रकारांची गणना आहे आणि त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचे विस्ताराने वर्णन आहे. विमानस्थानात रोग्याची जी दशविध परीक्षा सांगितली आहे तीत ‘सार’, ‘संहनन’ आणि ‘प्रमाण’ अशा तीन पृथक् कसोट्या येतात : कोणता धातू उत्तम आहे ते सार, अंग किती घट्ट बांधलेले आहे ते संहनन, आणि स्वतःच्याच अंगुळांनी घेतलेले माप ते प्रमाण. यात आधुनिक शोध शोधीत बसण्याचे कारण नाही, तशी सवय मला पसंतही नाही. एवढेच नमूद करावयाचे की देहाचा विचार एका आकड्यात आटोपत नाही हे त्या वैद्यांनी गृहीत धरले होते.

आधुनिक शास्त्रात मात्र आरंभ एका आकड्यापासूनच झाला. बेल्जियममधील आदोल्फ केतले हा गणिती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘सरासरी मनुष्या’चा शोध घेत होता, प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे त्यास आढळले. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गाने भागिले म्हणजे जो भागाकार येतो त्यास १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी आज प्रचलित असलेले ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. आपण त्यास देहभारांक म्हणू. जनसमूहाची पाहणी करण्यास तो सोयीचा आहे. एका व्यक्तीस लावताना तो किती चकवितो हे मात्र त्या नामकरणाच्या तीस वर्षे आधीच दिसून आले होते. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. उंची आणि वजन यांच्या तत्कालीन कोष्टकानुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे सैन्यसेवेस अपात्र ठरत होते. बेन्के यांनी त्यांस पाण्याखाली तोलले. पाण्यात बुडविलेल्या वस्तूचे वजन तिने सारलेल्या पाण्याइतके कमी भरते, हे आर्किमिडीजचे तत्त्व. त्यावरून देहाचे आकारमान, आणि आकारमानावरून घनता मिळते. मेद पाण्याहून हलका, मांस व हाडे पाण्याहून जड. त्या खेळाडूंची घनता मोठी निघाली, म्हणजे त्यांचे जास्तीचे वजन मेदाचे नव्हतेच.

पुढे विल्यम सिरी यांनी या घनतेवरून मेदाची टक्केवारी काढण्याचे सूत्र दिले. मेदाची घनता घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि मेदरहित देहाची १.१ ग्रॅम असे मानून ते मांडलेले आहे : ४९५ ला घनतेने भागावे आणि ४५० वजा करावेत. घनता १.०५ असल्यास मेद सुमारे २१.४ टक्के, १.०७ असल्यास १२.६ टक्के. घनतेतील केवळ दोन शतांशांचा फरक देहाच्या घटनात केवढा भेद दाखवितो हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की येथून पुढच्या बहुतेक सर्व पद्धतींत आपण मेद प्रत्यक्ष मोजीत नाही. आपण दुसरेच काही मोजतो आणि गृहीतकांच्या आधारे मेदाचे अनुमान करतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात दोन संशोधक शेजारी उभे आहेत : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही देहभारांक २२.३, म्हणजे केतलेच्या भागाकारास दोघे एकच. क्ष-किरणांच्या साहाय्याने मेद मोजला असता तो युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे रोमन लिपीत एकच असल्याने हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. यामागे याज्ञिक यांचे दीर्घ काम होते. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या मातृपोषण-अभ्यासात जन्मलेल्या बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी करण्यात आली. इंग्रज बालके सरासरी ३.५ किलोंची, आपली २.७ किलोंची. आपल्या बालकांचे दंड, पोट, डोके सर्वच लहान. परंतु पाठीवरील खवाट्याखालच्या त्वचेच्या घडीची जाडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. मांस उणे आणि मेद राखलेला, असे हे मूल ‘कृश-मेदुर’ म्हणून जगाच्या वैद्यकात प्रसिद्ध पावले.

हा शोध मला केवळ वाचून कळला असता तर कदाचित मी विसरलो असतो. माझे वडील कागदाच्या गिरणीत नोकरीस होते. जन्मभर सडपातळ, नातेवाइकांत ‘काटक’ म्हणून त्यांचे कौतुक. हातपाय काडीसारखे आणि सदऱ्याखाली लहानसे वाटोळे पोट, ज्याकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण काटा तर पंचावन्न किलोंच्या पुढे कधी गेलाच नव्हता. बावन्नाव्या वर्षी त्यांस मधुमेह निघाला तेव्हा घरात सर्वांस तो अन्याय वाटला. लठ्ठ माणसांचा रोग यांस कसा? आज मला वाटते की आम्ही त्यांच्यासाठी विशेषणच चुकीचे वापरीत होतो. ते किडकिडीत होते, काटक नव्हते. आणि या दोन शब्दांतील अंतर म्हणजे दंडापोटऱ्यांतील मांसाचे आणि पोटातील मेदाचे अंतर होते.

अशा निरीक्षणांमुळेच २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी देहभारांक २३ पासूनच सावध व्हावे असे सुचविले, आणि २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार २३ ते २४.९ हे अतिवजन व २५ पासून पुढे स्थूलता मानली गेली. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर ठरली. घेराचा हा आकडा वजनाहून अधिक बोलका आहे, कारण पोटाच्या पोकळीतील मेदाशी त्याचा संबंध निकटचा आहे.

माझा स्वतःचा प्रकार असा. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो, म्हणजे देहभारांक २७. वडिलांचा इतिहास पाहता डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितले. विदर्भात आणि मराठवाड्यात या बाबतीत उपदेशाची वाण नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जो दिवसातून दोन वेळाच जेवण्याचा आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा परिपाठ प्रसृत केला, त्याने गावोगावी माणसे पहाटे रस्त्यावर आणली. त्या परिपाठात वजनाबरोबर पोटाचा घेरही आरंभी नोंदवून ठेवावयास सांगितलेले आहे. मी चालणे घेतले, जेवण याहूनही तोडले, आणि घेराची नोंद गाळली. भाषेच्या माणसाने अर्धेच वाक्य वाचावे असा हा प्रकार झाला.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले. आनंदाच्या भरात मी साधे गणित केले नाही. एक किलो मेदोतकात सुमारे ७७०० किलोकॅलरी साठविलेल्या असतात. माझ्या देहाच्या माणसास साडेचार किलोमीटर चालण्यात विश्रांतीपेक्षा जास्तीचा खर्च दोन-अडीचशेचा येतो. म्हणजे नुसत्या चालण्याने एक किलो मेद जावयास महिन्याहून अधिक काळ हवा, आणि निम्मा आहार तोडला तरी आठवड्यात दोन किलो मेद जाणे दुरापास्त. मग गेले काय? यकृत व स्नायू यांत पिष्टमय पदार्थांचा राखीव साठा असतो, तो सुमारे अर्धा किलो; त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार तोडताच प्रथम हा साठा रिता होतो आणि पाणी मोकळे होऊन निघून जाते. सणाच्या दिवशी पुरणपोळी खाल्ल्यावर दुसऱ्या सकाळी जे ‘चढते’ तेही बहुतांशी हेच. कुस्तीगिरांस हा पाण्याचा खेळ चांगला ठाऊक असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोंच्या गटातून अंतिम सामन्याच्या दिवशी १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाल्या. आदल्या रात्रभर त्यांनी जे उतरविण्याचा यत्न केला त्यात मेदाचा भाग नगण्यच असणार, कारण एका रात्रीत तो उतरत नाही.

पाच महिन्यांत माझे वजन ७१ वर आले. देहभारांक २४.६, म्हणजे स्थूलतेच्या रेषेखाली. फिरावयास येणाऱ्यांनी पाठ थोपटली. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र “सर, प्रकृती बरी आहे ना? वाळलात हो,” असे विचारले, आणि त्यांचे क्रियापद काट्याहून अचूक होते. गॅसचे सिलिंडर पूर्वी मी एका दमात उचलीत असे, ते आता दोनदा टेकवावे लागे. सदऱ्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या, पण पट्ट्याचे भोक एकच बदलले होते.

आहार तोडून जेव्हा वजन घटते तेव्हा घटलेल्या वजनात ढोबळ मानाने चतुर्थांश भाग मेदरहित देहाचा असतो असे मानतात. उपवास जितका कडक, प्रथिने जितकी अपुरी, आणि स्नायूंस ओझे उचलण्याचे काम जितके कमी, तितका हा भाग वाढतो. चालण्याने हृदयाचे हित होते, रक्तातील शर्करेचे नियमन होते, हे निःसंशय. पण दंडातील मांस राखण्याचे काम चालणे करीत नाही. ज्या अवयवावर ओझे पडते त्याचे मांस देह राखतो. ‘दंड’ हा शब्दच पाहा : बाहूचा वरचा भाग तो दंड, आणि तो ज्याने कमावला जातो तो व्यायामही दंड. आमच्या तालमींनी जोर-बैठकांस मान दिला तो काही वजन उतरविण्यासाठी नव्हे, आणि अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परंपरेतही देह घडविण्याची भाषा आहे, घटविण्याची नाही.

येथे कीज यांचे दुसरे, अधिक महत्त्वाचे काम आठवते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे ३६ स्वयंसेवकांवर त्यांनी अर्धोपासाचा प्रयोग केला. चोवीस आठवडे तुटपुंजा आहार आणि आठवड्यास सुमारे ३५ किलोमीटर चालणे. या काळात त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. पुढे आहार पूर्ववत् केल्यावर वजन परतले, परंतु मेद आधी परतला आणि मांस मागे राहिले. म्हणून जो मनुष्य वारंवार ‘उतरवितो’ आणि वारंवार ‘चढवितो’, तो काट्यावर मूळ ठिकाणी परत आलेला दिसला तरी त्याच्या देहाचे घटन मूळचे राहिलेच असेल असे नाही. मराठी वाक्य मात्र दोन्ही वेळी तेच.

यानंतर मोजणीच्या साधनांचा प्रश्न येतो, आणि येथेही एका नव्या आकड्याने फसण्याची सोय आहे. आजकाल व्यायामशाळांत आणि घरोघरी असे काटे आले आहेत की ज्यांवर अनवाणी उभे राहताच वजनाबरोबर मेदाची, पाण्याची, मांसाची टक्केवारी दशांशचिन्हासह उमटते. या काट्यात पायांच्या तळव्यांतून विजेचा अतिसौम्य प्रवाह सोडतात. मेदरहित देहात सुमारे ७३ टक्के पाणी व त्यात विरघळलेले क्षार असल्याने तो वीज वाहून नेतो. मेदात पाणी अल्प असल्याने तो रोध करतो. यंत्र मोजते ते केवळ हा रोध. पुढचे सर्व, म्हणजे उंची, वय, लिंग यांसह एका समीकरणात तो रोध घालून आलेले अनुमान होय. पायापायांतून जाणारा प्रवाह मुख्यतः पायांतून आणि धडाच्या खालच्या भागातून फिरतो. पोटाविषयी तो थोडेच जाणतो. समीकरण ज्या समाजाच्या मोजणीवरून बेतले असेल त्या समाजाची देहप्रकृती आपल्याहून भिन्न असेल, तर कृश-मेदुर मनुष्यास ते हमखास चुकीचे लागू पडणार. शिवाय चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला असता घाम गाळून आलेल्या माणसाच्या अंगातील पाणी घटलेले असते, रोध वाढतो, आणि यंत्र त्यास अधिक मेदुर ठरविते. माझ्या बाबतीत एकाच दिवसात सकाळी २९ आणि सायंकाळी २६ असे आकडे मिळाले. तीन टक्के मेद दिवसभरात वर्गात शिकवून जाळता आला असता तर आमच्या व्यवसायात स्थूल मनुष्य दिसताच ना.

या चुकीचे मान समजण्यासाठी एक उदाहरण घ्यावे. ७८ किलोंच्या माणसात ३० टक्के मेद आहे असे धरू, म्हणजे २३.४ किलो. त्याचे सात किलो घटले, त्यांपैकी पाच मेदाचे : आता ७१ किलोंत १८.४, म्हणजे २५.९ टक्के. पाच महिन्यांच्या तपश्चर्येने टक्केवारीत फरक चारच अंकांचा पडला, आणि यंत्राचा दैनंदिन हेलकावा तीन अंकांचा. अशा स्थितीत रोजचा आकडा पाहणे व्यर्थ आहे. दोन-तीन महिन्यांचा कल तेवढा पाहावा. आता दुसरा मनुष्य घेऊ. त्याने ओझी उचलण्याचा व्यायाम केला, दोन किलो मेद गमावला आणि दोन किलो मांस कमावले. काटा ७८ वरच, मेद मात्र २७.४ टक्के. पहाटेच्या मंडळीत या दुसऱ्यास “काहीच उतरले नाही” असे उत्तर द्यावे लागेल, आणि तो व्यायाम सोडून देण्याचा संभव मोठा. ही गोष्ट मी प्रत्यक्ष घडताना पाहिली आहे. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत ती फार घडते, कारण त्यांस काट्यावरील आकड्याखेरीज दुसरे काही कोणी विचारीतच नाही.

हाडांची घनता मोजणारे दुहेरी क्ष-किरणांचे यंत्र सर्वांत विश्वसनीय. ते दोन भिन्न शक्तींच्या किरणांचे शोषण तपासून हाड, मेद आणि उर्वरित मृदू देह असे तीन भाग पाडते. पण त्यास खर्च आहे आणि ते गावोगावी नाही. त्वचेच्या घडीची जाडी चिमट्याने मोजण्याची पद्धत स्वस्त आहे. डर्निन व वुमर्स्ली यांनी १९७४ मध्ये ४८१ स्त्री-पुरुषांवरून दंडाच्या पुढील व मागील बाजूची, खवाट्याखालची आणि कटीवरील अशा चार घड्यांची कोष्टके दिली. मात्र मोजणारा हात प्रत्येक वेळी तोच आणि सरावलेला हवा. उरतो तो शिंप्याचा फीत-टेप. त्यास मी आता सर्वांत अधिक मान देतो. शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता घेतलेला कमरेचा घेर मेदाविषयी सांगतो. पोटरीचा घेर मांसाविषयी. २०१९ मध्ये आशियाई तज्ज्ञांच्या गटाने वृद्धांतील स्नायुक्षयाची शंका घेण्यासाठी पोटरीची मर्यादा पुरुषांस ३४ व स्त्रियांस ३३ सेंटिमीटर ठेविली; हाताची मूठ आवळण्याची शक्ती पुरुषांस २८ आणि स्त्रियांस १८ किलोंखाली नसावी; आणि हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास बारा सेकंदांहून कमी वेळ लागावा, असे ठरविले. ही शेवटची कसोटी वाचकांस विभागाच्या वाचनालयात विनामूल्य घेता येईल. ग्रंथपालांची अनुमती घ्यावी हे बरे.

टेपविषयी बोलताना शेजारच्या गडचिरोलीचा उल्लेख टाळता येत नाही. तेथील अंगणवाडीतही बालकाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टीचा तांबडा भाग लागतो आणि ते तीव्र कुपोषण मानले जाते, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. त्या मुलाच्या आईस कोणी “किती उतरले?” असे विचारीत नाही. अंगावर सूज आलेल्या कुपोषित मुलाचे वजन तर पाण्यामुळे फसवे भरते, आणि उपचाराने सूज ओसरली म्हणजे प्रकृती सुधारत असताना वजन ‘उतरते’. एकाच क्रियापदाचा अर्थ वर्धेच्या काठी अभिनंदन, पलीकडे धोका आणि या मुलाच्या बाबतीत बरे होण्याचे लक्षण, असा फिरतो. कर्ता अध्याहृत ठेवण्याची किंमत तेथे अधिक मोठी आहे.

माझी वही आता चार रकान्यांची आहे : वजन, कमरेचा घेर, पोटरीचा घेर, आणि खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास लागलेली सेकंदे. दर पंधरवड्यास रविवारी सकाळी, शौचविधीनंतर आणि चहापूर्वी, ती भरतो. आहारात डाळ, अंडी आणि दही वाढविले आहे. आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळेत ओझी उचलतो. गेल्या सात महिन्यांत वजन ७१ वरून ७३ झाले, कमर पाच सेंटिमीटरांनी घटली, पोटरी दीड सेंटिमीटरने भरली. सिलिंडर एका दमात उचलला जातो. वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. मागील महिन्यात मी टेप घेऊन त्यांच्या पोटरीचे माप घेतले तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले आणि विजार शिवावयाची आहे काय, असे विचारले. माप २९ भरले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांस, त्यांची कुरकुर ऐकत, न्याहारीपूर्वी दहा वेळा खुर्चीवरून उठावयास लावतो. सध्या सहाव्या वेळेस ते हातांचा आधार घेतात.